तांडेल कसा वाचला

मेलेला तांडेल जिना चढून डेकवर आला, त्याने चिलीम शिलगावली, आणि थेटरात कुणालाच काही वाटलं नाही. उलट मागून कुणीतरी शिट्टी मारली. मी खुर्चीत ताठ झालो. हा इथे कसा? हा तिसऱ्या भागात बुडाला होता. माझ्या डोळ्यांदेखत बुडाला होता. बाकीच्यांना होडीत घालून, स्वतः सुकाणूला मिठी मारून, पाणी दाढीपर्यंत येईतो शिव्या घालत बुडाला होता, आणि मी, चांगला साठी उलटलेला माणूस, अंधारात चष्मा काढून पुसत बसलो होतो. शेजारी नॉर्मन होता. त्याला कोपराने ढोसलं. म्हटलं, "अरे, हा मेला होता ना?" नॉर्मनच्या तोंडात पॉपकॉर्न. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "बघू दे ना, मॅन. मग बोल." म्हणून गप बसलो. पण तिथून पुढे मी पिक्चर बघितला नाही, पिक्चरमधली भोकं बघितली.

भोकं शोधणं हा माझा धंदाच होता. बोटीने आलेला माल भिजला की विमा कंपनी मला गोदीत पाठवायची. मालवाला म्हणायचा समुद्राचं पाणी शिरलं, बोटवाला म्हणायचा तुमच्याच गोदामाचं छप्पर गळतं, दोघं शपथा घ्यायचे, आणि मी खिशातून तपकिरी बाटली काढून ओल्या गोणीवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचो. दुधाळ झालं तर समुद्र खरा. नाही झालं तर कुणीतरी थापा मारतोय. ते द्रावण मला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतली डेमॉन्स्ट्रेटर करून द्यायची, तिच्याशीच मी पुढे लग्न केलं, ती उर्मिला. नॉर्मन तेव्हा गोदीत क्रेनवर इंजिनियर. तो गिरगावातला ईस्ट इंडियन ख्रिश्चन, मी फणसवाडीतला पाठारे प्रभू, दोघांची बालपणं हाकेच्या अंतरावर गेलेली, पण ओळख झाली ती एका अडकलेल्या बोटीवर, भांडणातून. चाच्यांचे हे पिक्चर आम्ही पहिल्या भागापासून बरोबर बघतो. इंग्रजी नावं लक्षात ठेवायची कटकट नको म्हणून आम्ही आपली नावं पाडली आहेत. कप्तान, त्याचा म्हातारा तांडेल, आणि मिठाची बाई, जी समुद्राच्या तळाशी राहते आणि गायला लागली की जहाजं फुटतात. पोरकटपणा आहे, मान्य आहे. आयुष्यभर खऱ्या बोटींवर उंदीर आणि कुजलेला तांदूळ बघितल्यावर माणसाला एखादी खोटी बोट लागते.

तर भोकं. कप्तानाचं गाव पेटलंय, धक्क्यावर त्याची मुलगी उभी राहून हाका मारतेय, आणि हा शहाणा डेकवरून हातवारे करतोय. उतर ना बाबा, हात लांब केलास तर जमीन लागेल. पण नाही. दोर फेकतो, फळी टाकतो, माकडाला पाठवतो, स्वतः काही उतरत नाही. का, ते कुणी सांगत नाही. मिठाची बाई, जिच्या एका तानेत पहिल्या भागातलं सगळं आरमार बुडालं, ती इथे सबंध वेळ मुकी. खुणा करते. लिहिणाऱ्याला गाणं सुचलं नसणार. मारामाऱ्या कॉम्प्युटरवर केलेल्या, त्यांना वजन म्हणून नाही, आणि वादळात शिडं फुगलीत एकीकडे आणि लाटा धावतायत भलतीकडे. मी मनातल्या मनात एकेक दावा फेटाळत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती. घरी जाऊन हे सगळं उर्मिलाला सांगायचं होतं. मोठ्या पडद्यासमोर बसलं की तिला गरगरतं, म्हणून लग्नानंतर ती थेटरात गेलीच नाही म्हटलं तरी चालेल. मी बघतो आणि तिला सांगतो. चांगल्या पिक्चरपेक्षा वाईट पिक्चर सांगताना मी जास्त रंगतो, असं तिचं म्हणणं आहे.

इंटरव्हलला नॉर्मन समोशांच्या रांगेत लागला. परळचा हा मॉल म्हणजे पूर्वीची गिरणी, चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय, आणि आत एसी इतका की माझ्या गुडघ्यांना कळत होतं. रांगेतले लोक वैतागले होते. "बकवास आहे यार," "पहिल्याची मजा नाही," असं चाललं होतं, आणि मला सगळ्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली. माझ्या मागे एक मुलगी तिच्या मित्राला म्हणाली, "ह्याच्यापेक्षा चौथा बरा होता." तो म्हणाला, "चौथ्यात निदान रडायला तरी येतं." मी मागे वळून हसलो. तिला सांगणार होतो, बाळ, हाच चौथा. तोंड उघडलंसुद्धा होतं. मग तिच्या खांद्यावरून भिंतीवरचं पोस्टर दिसलं. कप्तानाच्या टोपीखाली भला थोरला पाचाचा आकडा. मुलगी म्हणाली, "काय अंकल?" मी म्हटलं, "काही नाही, रांग पुढे सरकली."

मी मोजलं. पहिला, अजून नोकरीत होतो, बोटीवर जातो सांगून दुपारी पळालो होतो. दुसरा, मधुराच्या बारावीच्या वर्षी, मुलगी अभ्यास करतेय आणि बाप चाचे बघतोय म्हणून उर्मिला बोलली होती. तिसरा, तांडेल बुडाला तो. आणि आजचा. पुन्हा मोजलं, बोटांवर, हात खिशात घालून, कुणाला दिसू नये म्हणून. पुन्हा चारच. नॉर्मनने समोसा हातात दिला तेव्हा तो किती गरम आहे हेसुद्धा मला थोडं उशिरा कळलं. मग स्वतःला म्हटलं, वीरेंद्र, असा घाबरतोस काय. साधी गोष्ट आहे. चौथा तू बघितला नाहीस. आजारी असशील, मधुराकडे कॅनडात गेला असशील, नॉर्मन एकटा जाऊन आला असेल आणि तुला वाईट वाटू नये म्हणून बोलला नसेल. न बघितलेला पिक्चर आठवत नाही ह्यात कसला आजार. तांडेल चौथ्यात जिवंत झाला असेल. कप्तान का उतरत नाही, बाई का बोलत नाही, सगळं चौथ्यात असेल. म्हणजे भोकं पिक्चरमध्ये नव्हती. हे डोक्यात आलं आणि मी समोसा तसाच धरून खुर्चीत जाऊन बसलो. दिवे गेले. पुढचा सगळा वेळ समोर काहीतरी पेटत होतं, फुटत होतं, आणि मी एकच विचार धरून होतो, की मी चौथा बघितलेला नाही. फोन खिशात होता. बाहेर येऊन शोधलं असतं तर चौथ्याची सगळी गोष्ट मिळाली असती. पण एकदा वाचलं, की मग आठवलं का वाचलं हे कायमचं कळणार नाही. ओल्या गोणीवर आणखी पाणी ओतल्यासारखं व्हायचं. फोनला हात लावला नाही.

भीती कशाची, ते सरळ सांगतो. आईसारखं होण्याची. फणसवाडीत आमच्या मजल्यावर आई पिक्चर सांगायची. मॅटिनीला जायची ती एकटी, तिकीट एकटीचं, पण पिक्चर सगळ्या मजल्याचा. संध्याकाळी गॅलरीत बायका तांदूळ निवडत, कोळंबी सोलत बसायच्या आणि आई मधोमध पाटावर. पिक्चर जसाच्या तसा सांगणं हा आमच्याकडे मठ्ठपणा समजत. तिखटमीठ हवं, डोळे हवेत, हात हवेत. डावा हात म्हणजे नायिका, उजवा म्हणजे सगळी संकटं. आणि ऐन मोक्याला आई थांबायची. खलनायकाने सुरी उचलली की ही पदराने तोंड पुसणार, पाणी मागणार, आणि कुणीतरी "मग पुढे?" म्हटल्याशिवाय हूं की चूं करणार नाही. ते विचारण्याचा मान शेजारच्या शेवंतीबाईंचा. ही खोड मी आईकडून घेतली. उर्मिलानेही "मग पुढे?" म्हणेपर्यंत मी तोंड उघडत नाही, आणि ती मुद्दाम उशीर लावते. तर पुढे कधीतरी आई एका पिक्चरमधला माणूस दुसऱ्यात घालायला लागली. दरोडेखोर मंगळसूत्र परत करायला म्हणून वाड्यात शिरला तो आत जाऊन एकदम डॉक्टर झाला आणि त्याने नायिकेच्या बापाचं ऑपरेशन केलं. सगळा मजला पोट धरून हसला. शेवंतीबाई म्हणाल्या, "आज दोन पिक्चरांचं लग्न लावलंत." आई पण हसली. दुसऱ्या एखाद्या घरात बाईला डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या मजल्यावर तिला मागणी वाढली. खालच्या मजल्यावरून बायका यायला लागल्या. ज्या घरात भर घालून सांगणं हीच कला, तिथे काय हरवलंय हे कुणाला कसं दिसणार. मलाही दिसलं नाही, आणि मी तर तेव्हा भोकं शोधण्याचे पैसे घेत होतो.

पिक्चर संपला. तळघरातल्या पार्किंगमध्ये नॉर्मनला गाडी सापडेना. तो चावी दाबत फिरत राहिला, "च्यायला, इथेच लावली होती रे," आणि हसत होता. ह्या माणसाला गाडी सापडत नाही आणि हा हसतो. मी म्हटलं, "उतारावरून डावीकडे, फुटक्या आरशाच्या खांबाजवळ. आपल्या बाजूला पांढरी व्हॅन होती, तिच्या काचेवर टेडी लटकत होता." गाडी तिथेच होती. टेडीसुद्धा होता. नॉर्मन म्हणाला, "तुझं डोकं म्हणजे डोकं आहे, वीरेन." इतकं बरं वाटलं की माझे डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी सीटबेल्टशी झटापट करत बसलो. बघ, डोकं आहे. मला पहिली बोट आठवते, तिच्या कप्तानाचा वाकडा दात आठवतो, उर्मिलाच्या प्रयोगशाळेतला वास आठवतो. पण आईलाही जुनं सगळं आठवायचं, आणि कोळंबी किती ताजी हे ती शेवटपर्यंत नुसती बघून सांगायची.

अशा पिक्चरनंतर खरी बोट बघितल्याशिवाय घरी जायचं नाही, हा आमचा नेम. म्हणून गाडी कफ परेडला, मच्छीमार नगरात. थंडीचे दिवस, ऊन उतरायला आलं होतं, बांबूंवर बोंबील वाळत होते आणि पलीकडे उंच इमारतींच्या काचा चमकत होत्या. बोटी चिखलात कलंडून उभ्या. नॉर्मनने नाकाने मोठ्ठा श्वास घेतला आणि म्हणाला, "बोअर केलं रे साल्यांनी. तीन तास. कप्तान म्हातारा झाला, आता बंद करायला पायजे." मी म्हटलं, "हो ना." मग मी जो प्रश्न गाडीत बसल्यापासून घोळवत होतो तो विचारला. मालवाल्याला विचारायचो तसा, दुसरीकडे बघत, सहज. "चौथा बघून आपण इथेच आलो होतो का रे?" तो म्हणणार होता, तू कुठे होतास चौथ्याला. तेवढंच त्याने म्हणायचं होतं. मी बाकी आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं नसतं.

"अरे मग? लॉकडाऊननंतर पहिलाच पिक्चर. मास्क लावून बसलो होतो दोघं. तू इतका रडला की मास्क ओला झाला, मी माझा एक्स्ट्रा दिला तुला." नॉर्मन हसला. "आणि इथे येऊन त्या बाईशी भांडला नाय काय तू, शिडावरून? मी मधे पडलो म्हणून." मास्क आठवले. लॉकडाऊन आठवला, शिवाजी पार्कचा रिकामा कट्टा, उर्मिलाने पुसून घेतलेल्या दुधाच्या पिशव्या. ओला मास्क आठवला नाही. मी म्हटलं, "हो हो, ती बाई." आणि ऐकू आलं मला, ते कसं म्हटलं ते. आई असंच म्हणायची. "हो हो, तो ना, आठवतो की," गोड हसून, समोरच्याच्या चेहऱ्यावरून उत्तर उचलत. म्हणजे थाप कशी मारायची हे मला कुणी न शिकवता आलं. बोंबलांच्या पलीकडून एक कोळीण टोपली कमरेवर घेऊन येत होती. आम्हाला बघून थांबली. बारीक डोळे करून माझ्याकडे बघितलं आणि दात काढून हसली. "काय शेट, आज परत आमाला शिडं शिकवाला आयलाव काय?" मी तिला आयुष्यात कधी बघितलेलं नव्हतं. रुंद कपाळ, कानात जुनी सोन्याची कुडी, गालावर तीळ, असा चेहरा माणूस विसरत नाही. ती मला ओळखत होती. माझा आवाज, माझा राग, मी काय बडबडलो, सगळं तिच्याकडे होतं आणि माझ्याकडे काही नव्हतं. मी हात जोडले. म्हटलं, "नाही बाई, आज ऐकायला आलोय." ती आणि नॉर्मन दोघंही मोठ्याने हसले. मी पण हसलो. पायाखालचा चिखल मऊ होता आणि मला वाटलं, आता मी हललो तर खाली जाईन.

नॉर्मन घरी चल म्हणत होता, त्याच्या बायकोने, व्हायोलाने, केक केलाय. मी नको म्हटलं, गिरगावात उतरून टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने कोस्टल रोड घेतला. बोगद्यात शिरलो तसा बाहेरचा सगळा आवाज गेला, दिव्यांच्या पट्ट्या मागे धावायला लागल्या, आणि मी डोळे मिटून चौथा भाग आठवायला बसलो. कुठून सुरू करायचं? खुर्ची आठव. मास्कच्या आत चष्म्यावर धुकं येतं ते आठव. नॉर्मनचा एक्स्ट्रा मास्क, निळा असेल का? निळा म्हटला की निळा दिसला. पांढरा म्हटला की पांढरा. हे आठवणं नव्हतं, हे मी बनवत होतो, आणि बनवायला काहीच त्रास होत नव्हता. तीच भीती जास्त. तांडेल पाण्यातून वर येताना दिसला, पण तो मी आत्ता वर काढलेला. एखादी अशी बाटली हवी होती, की थेंब टाकावा आणि कळावं, हे खरं समुद्राचं का घरच्या नळाचं. आणि चौथाच गेलाय, की आणखी काही गेलंय? जे गेलं ते गेलं हे कळणार कसं? आज पोस्टर होतं म्हणून कळलं. एरवी पोस्टर कोण लावतं. मधुराशी मागच्या आठवड्यात बोललो, काय बोललो? नातवाला सर्दी होती. की ते त्याच्या आधीच्या वेळी? उर्मिलाला काही सांगितलं असेल, कबूल केलं असेल, कुणाशी भांडलो असेन, कुणी वारलं असेल आणि मी जाऊन आलो असेन. टॅक्सीवाल्याने विचारलं, "पार्कला कुठे सोडू साहेब?" मी त्याला पत्ता सांगितला, इमारतीचं नाव, मजला, फाटकाचा रंग, समोरचं बदामाचं झाड, वॉचमनचं गाव. तो आरशातून माझ्याकडे बघायला लागला तेव्हा थांबलो.

बोगद्यातच मला आईची पिक्चर सांगण्याची ती शेवटची संध्याकाळ आठवली. ती मी कधी विसरत नाही, हेही एक आहेच. मी गोदीतून आलो होतो, जिना चढताना वरून आईचा आवाज येत होता. रंगात होती. "एक बाई असते," ती सांगत होती. "तिचा नवरा लवकर जातो. मुलगा हुशार, पण हट्टी. तो बोटींवर जातो आणि ओल्या गोण्यांवर औषध घालतो. एकदा त्याला यायला उशीर होतो. बाई दारात उभी. दिवे लागतात. आणि तेवढ्यात," असं म्हणून आई थांबली, पदराने तोंड पुसलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेवंतीबाई मान खाली घालून तांदळात बोटं फिरवत राहिल्या. "मग पुढे?" कुणी म्हटलंच नाही. आई वाट बघत होती. मग तिला जिन्याच्या तोंडाशी उभा असलेला मी दिसलो. पाहुण्याकडे बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं, जरा सावरून बसली, आणि अगदी आदराने म्हणाली, "तुम्ही बघितलाय का हो हा? त्या मुलाचं पुढे काय होतं?"

घरी उर्मिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोळंबी सोलत होती. भानोळे करणार होती, कोबी चिरून ठेवला होता. "कसा होता?" असं तिने वर न बघता विचारलं. मी हातपाय धुतले, नेहमीच्या खुर्चीत बसलो. ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. रंगवून सांगायचं, शिव्या घालायच्या, तिला हसवायचं, आणि उद्या सकाळी नीट विचार करायचा. मी सुरू झालो. शिडांवरचा वारा सांगितला, माकड सांगितलं, कॉम्प्युटरची मारामारी हातांनी करून दाखवली. आवाज चढा लागला होता, मलाच कळत होतं. "आणि तांडेल," मी म्हटलं, "तिसऱ्यात बुडवला आणि ह्यात आपला चिलीम ओढत हजर. कसा वाचला? सांगायची गरज नाही. लिहिणाऱ्याला प्रेक्षक म्हणजे गाढव वाटतात." इथे ती हसायला हवी होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. मी सगळ्याची तयारी केली होती, नवल नसेल याची नव्हती केली. कधीपासून कोण जाणे, ती हे होण्याची वाट बघत असणार. नळ सोडून तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

"तांडेल कसा वाचला, मी सांगते," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू कुठे बघितलास?" "तू सांगितलास. इथेच. मी मेथी निवडत होते." तिचा आवाज साधा होता. तिने डावा हात उचलला आणि टेबलावर आडवा धरला. तो समुद्र. उजव्या हाताची दोन बोटं त्यावर ठेवली. ते जहाज. ही माझी रीत, माझ्या आधी आईची. उर्मिला कधी पिक्चर सांगत नाही, तिला हात हलवून बोलायची सवय नाही, आयुष्यभर तिने फळ्यावर समीकरणं लिहिली. "कप्तान तळाशी जातो, मिठाच्या बाईकडे," ती म्हणाली. "म्हणतो, माझा माणूस परत दे. बाई म्हणते, त्याला वर आणायचं तर मला शेवटचं गाणं म्हणावं लागेल, मग माझा आवाज गेला. माझं एवढं जाणार तर तुझं काय? तो म्हणतो, काय हवं ते घे. ती म्हणते, जमीन. ह्यापुढे जमिनीवर पाय ठेवलास तर तुझं मीठ होईल." मी ऐकत होतो. तिचा प्रत्येक शब्द मी आत जिथे कुठे काही असेल तिथे टाकत होतो आणि वाट बघत होतो, आता पांढरं होईल, आता थोडं तरी दुधाळ होईल. पाणी स्वच्छ राहिलं. गोष्ट चांगली होती. मुकी बाई बसली, न उतरणारा कप्तान बसला, सगळी भोकं एकेक करून बुजत गेली, आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. "तांडेल वर येतो," उर्मिला म्हणाली, "त्याला ह्यातलं काही ठाऊक नाही. तो खूश. बंदर येतं. तो उडी मारून धक्क्यावर जातो, मागे वळतो, हात पुढे करतो. कप्तानाला म्हणतो, ये." तिने उजवा हात माझ्या दिशेने लांब केला. हाताला कोळंबीचा वास होता. कप्तान फळीवर उभा आहे, हात समोर आहे, आणि उर्मिला थांबली.

फ्रिजचा आवाज येत होता. खाली पार्कात कुणाच्या तरी बॅटीला चेंडू लागल्याचा आवाज आला. हात तसाच पुढे. मला वाटलं, विसरली का ही. मग ती हळूच म्हणाली, "इथे तू थांबला होतास." आणि वाट बघत राहिली, मी शिकवलेल्या पद्धतीनेच. अजून मला म्हणता आलं असतं, हो हो, आठवलं, मग तो असं करतो ना, आणि काहीतरी जुळवून सांगता आलं असतं, चांगलं सांगितलं असतं मी. ती हसली पण असती. मी तिचा हात धरला. तो गार होता, का माझाच होता कोण जाणे. मी म्हटलं, "मग पुढे?"